सातव्या प्रश्नाचं उत्तर

ग्रॅनम, आल्बर्टा
शनिवार, ११ फेब्रुवारी १९८४

चि. बेरेंड यास,
फेनाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं जानेवारीचं पत्र पोचलं. नीरलँडियाला अजून उणे तीसच आहे, आणि तू उघड्या शेडमध्ये हातमोजे न घालता लोकांचे ट्रॅक्टर खोलत बसतोस. आफ्केचं ऐकत नाहीस हे मला ठाऊक आहे, निदान थोरल्या बहिणीचं ऐक.

आता वाईट बातमी. पिकअप गेली. गुरुवारी नोबलफर्डहून कोंबड्यांच्या खाद्याची वीस पोती घेऊन येत होते. सकाळी निघाले तेव्हा कडाक्याची थंडी, आणि दुपारी परतताना चिनूक सुटलेला. तो गरम वारा पश्चिमेकडून असा अंगावर येत होता की गाडी चढावर रांगत होती. घर सात मैलांवर राहिलं असताना बॉनेटखालून वाफ आली, आत कुणी घण घालावा तसा आवाज झाला आणि इंजिन जे थांबलं ते थांबलंच. शेजारच्या डिर्कने ट्रॅक्टरने ओढून त्याच्या गॅरेजात नेली. तो म्हणतो, इंजिन संपलं. दुसरं बसवायचं, नाही तर गाडी भंगारात घालायची.

माझ्या येलेने ही गाडी सोळा वर्षं चालवली, तिला कधी काही झालं नाही. तो सप्टेंबरात देवाघरी गेला, ऑक्टोबरात तू मला दहा दिवसांत गाडी शिकवलीस आणि फेब्रुवारीत मी ती मारून टाकली. मार्गा लेथब्रिजहून आली होती. लेक फारसं बोलली नाही, पण जावयाने त्यांच्या तळघरातली खोली रंगवायला घेतली आहे एवढं म्हणाली. अठ्ठावन्नाव्या वर्षी गाडी शिकून बाई माणसाने एकटीने शेतावर राहायचं नसतं, असं तिचं मत. जवळचं दुकान अकरा मैलांवर. गाडी नाही म्हणजे हे घर नाही, हे तिला कळतं आणि मलाही.

इंजिन बसवावं की सोडून द्यावं? तू सांगशील तसं करीन.

आफ्केला आणि मुलांना आशीर्वाद. माया आहे तशी राहू दे.

तुझी
फेनाताई

•

नीरलँडिया
१८ फेब्रुवारी १९८४

ती. फेनाताईस,
बेरेंडचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र मिळालं. तुझ्यावर रागावलो नव्हतो असं लिहिलं तर खोटं होईल. इंजिन आपण होऊन मरत नाही, ताई. त्याला कुणीतरी मारावं लागतं. त्या सहा सिलिंडरचं तेल नाताळात मी स्वतः बदललं होतं, प्रत्येक व्हॉल्व्हची फट पट्टी घालून मोजली होती. एक लाख बारा हजार मैल झालेलं इंजिन, अजून पन्नास हजार सहज गेलं असतं. शिकवताना तुला शंभरदा बजावलं होतं की रस्त्याकडे दहा वेळा बघितलंस की एकदा तापमानाच्या काट्याकडे बघ.

मी सातवीत शाळा सोडली हे सगळ्या गावाला माहीत आहे. जे शिकलो ते पुस्तकं वाचून, शेजारी शब्दकोश ठेवून. म्हणून मी कुणाच्या अंदाजावर चालत नाही, डिर्कच्याही नाही. ‘संपलं’ हे काही निदान नव्हे. पुढच्या आठ प्रश्नांची उत्तरं क्रमाने दे, आणि आठवून नको, जाऊन बघून दे. एक, तेल मोजायच्या काडीवरचं तेल कोणत्या रंगाचं आहे. दोन, रेडिएटरमध्ये पाणी किती उरलं होतं. तीन, पंख्याचा पट्टा शाबूत आहे का. चार, थर्मोस्टॅट काढून गरम पाण्यात टाकायला सांग, उघडतो का बघ. पाच, वाफ यायच्या आधी काटा कुठे होता, आणि तो बघितल्यावर तू किती मैल गेलीस. सहा, निघताना आणि परतताना हवेचं तापमान किती होतं. सात, रेडिएटरच्या तोंडाशी हवा अडवणारं काही होतं का, म्हणजे साचलेला बर्फ, गवत, मेलेला पक्षी. आठ, गाडीखाली जाऊन चासीच्या, म्हणजे सांगाड्याच्या, दोन्ही दांड्यांवर हातोडी मारायची. टणक वाजली तर हाड शाबूत, भद्द वाजली तर आतून गंजली. हा आठवा सगळ्यांत महत्त्वाचा. चासी गेली असेल तर नवं इंजिन घालणं म्हणजे मोडक्या पायात नवा बूट.

मार्गाला सांग, मामाने निकाल दिल्याशिवाय तळघराला दुसरा हात मारू नका.

बोललो ते पोटात घाल.

तुझा
बेरेंड

•

ग्रॅनम
२७ फेब्रुवारी १९८४

चि. बेरेंड यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा परीक्षेचा पेपर मिळाला. मास्तर व्हायला हवा होतास. मुलं घाबरून तरी शिकली असती.

एक, तेल कॉफीत दूध ओतल्यासारखं. दोन, तळाशी, कपभर. तीन, पट्टा शाबूत. चार, थर्मोस्टॅट डिर्कने माझ्यासमोर किटलीतल्या पाण्यात टाकला, झकास उघडला. पाच, काटा लाल पट्टीत गेलेला मी बघितला होता. बघूनही तीन मैल गेले. वाऱ्याने दार उघडू देईना, मागे पोती, वाटलं रेटून घर गाठू. सहा, निघताना उणे बावीस, परतताना अधिक नऊ. दुकानाच्या भिंतीवरच बघितलं, कारण कोट काढावा लागला होता. आठ, गाडीखाली मी स्वतः गेले. डिर्कने जुनी सतरंजी अंथरली आणि त्याची बायको, ही बाहेर कशी येणार, म्हणून बघायला आली. दोन्ही दांड्या घंटेसारख्या वाजल्या. मागच्या टोकाला उजवीकडे वीतभर जागा तेवढी भद्द बोलली.

तेव्हा तुझंच खरं. काटा बघूनही थांबले नाही, इंजिन माझ्या हातून गेलं. यात आणखी खोदण्यासारखं काही नाही, तू आता डोकं शिणवू नकोस. मी मार्गाला होकार कळवला आहे. मे महिन्यात जाईन. कोंबड्या डिर्कची बायको घेईल.

रविवारी चर्चनंतर कॉफीला सगळ्या बायका माझी समजूत घालत होत्या. या वयात शिकून बरीच चालवलीस हो, असं म्हणाल्या. बरीच खरीच. चार महिन्यांत अठराशे मैल. तो आकडा मी कुणाला सांगितला नव्हता, तुला सांगते.

वाटाण्याचं सूप चुलीवर आहे, करपायच्या आत थांबते. विसरू नकोस मला.

तुझी
फेनाताई

•

नीरलँडिया
सोमवार, ५ मार्च १९८४

ती. ताईस,
शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझ्या पत्रात सहानंतर आठ आहे.

आई तुला तेरा वस्तूंची यादी तोंडी सांगायची आणि तू तेराच्या तेरा घेऊन यायचीस. तू आकडा गाळत नाहीस. म्हणून तुझी उत्तरं मी पुन्हा वाचली, चष्मा पुसून. पाणी नाताळात मीच काठोकाठ भरलं होतं, पट्टा शाबूत, थर्मोस्टॅट उघडतो. उणे बावीसवरून अधिक नऊ. मग हवेशिवाय दुसरं काही उरत नाही.

इथे पेन खाली ठेवलं आणि शेडकडे गेलो. दाराशी माझी गाडी उभी आहे. रेडिएटरपुढच्या जाळीमागे पुठ्ठा आहे, गार हवेने इंजिन गारठू नये म्हणून दर नोव्हेंबरात बसवतो तो. सगळेच बसवतात. पण इतर लोक त्याला मध्ये तळहाताएवढं भोक ठेवतात. मी ठेवत नाही. भोक ठेवणारा माणूस आळशी, असं मी आजवर म्हणत आलो. एकोणतीस डिसेंबरला तुझ्या अंगणात मी तसाच पुठ्ठा कापला. दुहेरी, चारही कोपऱ्यांना तार, जाळीमागे असा चपखल की बाहेरून दिसूही नये. मागे सरून दोनदा बघितला होता, इतका आवडला. ईस्टरपर्यंत हात लावायचा नाही असं तुला बजावलं. तू लावला नाहीस.

माझ्याकडे चिनूक येत नाही, तुझ्याकडे येतो. हे मला तीस वर्षं माहीत आहे, आणि त्या दिवशी डोक्यात आलं नाही.

बुधवार. पुढे आज लिहितो आहे.

डिर्कने पुठ्ठा काढून तुझ्या हातात दिला असणार. म्हणजे माझं ते अठरा तारखेचं पत्र तू सगळं माहीत असून वाचलंस. ‘त्याला कुणीतरी मारावं लागतं’ हे वाक्यसुद्धा.

काटा लाल झाल्यावर तीन मैल गेलीस ही चूक तुझी, ती मी माझ्याकडे घेणार नाही. पण काटा लाल केला तो मी. मार्गाला याच टपालाने तसं लिहिलं आहे. डिर्कला कळवलं आहे की येत्या रविवारी कॉफीच्या वेळी मोठ्याने सांग, पुठ्ठा कुणी बसवला होता ते, माझं नाव घेऊन. काल बॅरहेडला जाऊन आलो. तिथल्या भंगारवाल्याकडे अपघातातल्या गाडीचं हेच इंजिन आहे, एकसष्ट हजार मैल झालेलं. सहाही सिलिंडरचा दाब मी स्वतः मोजला. ते घेऊन येतो आणि बसवतो. खर्च माझा. मे महिन्याचं रद्द कर.

काय लिहून शेवट करावा कळत नाही.

बेरेंड

•

ग्रॅनम
१४ मार्च १९८४

चि. बेरेंड यास,
पोटभर आशीर्वाद. वि. वि.

हो, माहीत होतं. पुठ्ठा बाहेर काढताना डिर्क हसला. मी त्याला, याबद्दल कुठे बोलू नको, म्हणाले. का ते तुला समजायला हवं. बाबांनी जन्मभर तुझ्या हातच्या प्रत्येक कामात खोट काढली. आमच्या लग्नानंतर तू भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त केलंस तेव्हा येले म्हणाला होता, या माणसाने हात लावलेली वस्तू पुन्हा तपासावी लागत नाही. तेवढ्या एका वाक्यावर तू किती वर्षं काढलीस ते मी बघितलं आहे. येलेच्याच गाडीवर ते मोडावं असं मला वाटेना. बाईने गाडी मारली हे लोकांना लगेच पटतं, कुणी फार विचारत नाही. म्हटलं, राहू दे तसंच.

रविवारी डिर्कने सांगितलं. सगळ्यांचे कप हातात थांबले. मग त्याची आई म्हणाली की तिच्या नवऱ्याने सत्तावन्न साली हेच केलं होतं आणि मरेपर्यंत कबूल केलं नाही.

आता इंजिनाचं. प्रायश्चित्त म्हणून आणणार असशील तर आणू नकोस. तू चार दिवस माझ्या अंगणात तोंड पाडून पाने फिरवणार, ते मला बघवणार नाही. येलेची आठवण म्हणूनही नको. जो तो म्हणतो, येलेची गाडी जपायला हवी. बेरेंड, चौतीस वर्षं मी त्याच्या शेजारी केकचं भांडं मांडीवर धरून बसले. कधी निघायचं, कुठे वळायचं, ते तो ठरवायचा. फार चांगला माणूस. मला विचारावं असं त्याला सुचलं नाही, आणि सांगावं असं मला. नोव्हेंबरात एकदा लोकर आणायला म्हणून फोर्ट मॅक्लाउडला गेले आणि दुकानापाशी थांबलेच नाही. तशीच पुढे गेले, अमेरिकेची हद्द दिसेपर्यंत. काही काम नव्हतं. गाडीतच डबा खाल्ला आणि स्तोत्रं म्हणत परत आले, घसा फोडून.

मला ती गाडी चालवायची आहे. एवढ्यासाठी आणणार असलास तर ये. अर्धे पैसे माझे, आणि पाने हातात मी देणार. इंजिन चालू झालं की पहिल्यांदा मी चालवीन, तू शेजारी बसायचं.

मार्गाचा फोन होता. मामाचं पत्र दोनदा वाचलं म्हणाली, मामा चुकला असं मामानेच लिहिलेलं तिने प्रथमच बघितलं. खोली रंगवून झाली आहे, सुट्टीला तरी येशील का, असं विचारत होती. मी म्हटलं, येईन, माझी मी येईन.

येताना हातमोजे आण. वाट बघते आहे.

तुझी
फेनाताई

•

नीरलँडिया
१६ एप्रिल १९८४

ती. फेनाताईस,
बेरेंडचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

सुखरूप पोचलो. पाठ अजून धरलेली आहे, आफ्के शेक देते आणि बोलतेही. पाचशे मैल झाले की हेडचे बोल्ट पुन्हा आवळायचे. डिर्कला क्रम काढून दिला आहे, मधल्यापासून बाहेर. तो स्वतःच्या मनाने करील, तेव्हा तू कागद हातात घेऊन शेजारी उभी राहा. मागच्या गंजलेल्या जागी जोडलेली पट्टी जूनच्या पावसाआधी रंगव. पाने तू चांगले दिलेस. नऊ सोळांशचा मागितला की अर्धा इंची दिलास असं फक्त दोनदा झालं.

तू विचारतेस की घरापासून ग्रॅनमपर्यंत अकरा मैल मी एक शब्द बोललो नाही, मनात काही होतं का.

पहिले तीन मैल इंजिन ऐकत होतो. ठीक होतं. चौथ्या मैलाला तू तिसऱ्या गिअरमध्ये जरा लवकर गेलीस, ते बोलायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात रस्ता दक्षिणेला वळला आणि माझ्या बाजूच्या काचेत डोंगर आले. टोकापासून टोकापर्यंत, सगळे, बर्फासकट. ताई, त्या रस्त्याने मी चाळीस वेळा तरी गेलो असेन. बहुतेकदा मीच चालवत होतो, आणि दुसरं कुणी चालवत असलं की मी त्याचे हात बघायचो, कुठे चुकतो ते धरायला.

त्या दिवशी मी तुझे हात बघायचे विसरलो. तू गाडी थांबवलीस तेव्हा कळलं, ग्रॅनम आलं होतं.

जूनमध्ये इकडे ये. रस्ता लांब आहे, तूच चालवत ये.

तुझा धाकटा भाऊ
बेरेंड