जाहिरातीआधी राहून गेलेला ‘नाही’

तीर्थरूप मामांना भाचीचा वाकून नमस्कार. मामींनाही, त्या अजून माझं नाव घेत असतील तर. तुमचा गुडघा कसा आहे? इकडे सगळं ठीक (म्हणजे घसा बसलाय, झोप उडालीय आणि कालपर्यंत कुणी भाजी देत नव्हतं, पण ते ओघाने येईलच). परवा फोनवर तुम्ही ओरडलात, की बाजारातल्या माणसांना घाण म्हणताना जीभ कशी झडली नाही. त्याचा हा खुलासा. (तो फोनवरही केला असता, पण तुम्ही मध्ये श्वास घेतला असतात तर.)

पुलाखालचा संध्याकाळचा बाजार हटवायचं नगरपालिकेच्या मनात आलं. त्या बाजारात बसूनच मी माझं पुस्तक लिहिलं, हे टीव्हीवाल्यांना कुठून तरी कळलं आणि त्यांनी चर्चेला बोलावलं. विद्यापीठातल्या आमच्या विभागप्रमुखांनी बजावलं, की विद्वानांनी असल्या आखाड्यात उतरू नये. मग हळूच विचारलं, की त्यांना का नाही बोलावलं. स्टुडिओत मेकअपवाल्याने ‘मानववंशशास्त्रज्ञ’ ऐकून, आपला वंश कधी वाढेल ते विचारलं. चर्चेला माझ्यासोबत एक बिल्डर होते आणि एक ज्योतिषी (ते का होते, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं, पण बोलले सर्वांत जास्त तेच). निवेदक सारखा एकच विचारत होता, “मॅडम, हो की नाही?” मी म्हटलं, याला बऱ्याच बाजू आहेत. तो म्हणाला, आपल्याकडे वेळ एकाच बाजूपुरता आहे. शेवटी दोघांच्या गोंगाटात फट मिळाली आणि मी घाईघाईने म्हणाले, “गर्दी म्हणजे घाण, हे मला मान्य…” आणि लागली टूथपेस्टची जाहिरात. मामा, आपल्या भाषेत ‘नाही’ शेवटी येतो हो! तो माझ्या तोंडातच राहिला. जाहिरात संपली तेव्हा पडद्यावर पट्टी फिरत होती : ‘गर्दी म्हणजे घाण हे मान्य! तज्ज्ञांचा निर्वाळा.’

दुसऱ्या दिवशी बाजारात गेले. कांदेवालीने तागडी खाली ठेवली. तिच्याच गोणीवर बसून मी वर्षानुवर्षं चहा प्यायलेय. “घाणीतला कांदा कशाला नेता, बाई?” एवढंच म्हणाली आणि मागच्या गिऱ्हाइकाकडे वळली. शेजारचा छत्रीवाला तर माझी दुरुस्तीला दिलेली छत्री तशीच मोडकी हातात ठेवून मोकळा झाला. परदेशातल्या परिषदेत माझ्या निबंधाच्या चिंध्या झाल्या होत्या, तेव्हाही इतकं लागलं नव्हतं.

मग नगरपालिकेच्या सुनावणीला गेले. अध्यक्षांनी माझंच वाक्य मोठ्याने वाचून बाजार हटवण्याची शिफारस सुरू केली. मी उठले आणि या वेळी आधीच ओरडले, “नाही! नाही! नाही!” अध्यक्ष म्हणाले, “बाई, काय नाही?” टीव्हीवरचा माझा ‘नाही’ जाहिरातीने कसा गिळला ते मी सांगतच राहिले, माइक बंद केला तरी सांगत राहिले (घसा तिथेच गेला). मागे बसलेली कांदेवाली उठून म्हणाली, “बोलू द्या की तिला! टीव्हीवर त्यांनी गप्प केलं, आता इथं तुम्ही?” मग अख्खा बाजारच बोलू लागला. अध्यक्षांनी घाम पुसला आणि जिथे अडचण तिथे जे करतात ते केलं : अभ्यास समिती नेमली. अहवाल येईपर्यंत बाजार जागेवर. आणि अहवाल लिहिणार मी! मामा, आमच्या शास्त्रातला एकही अहवाल आजवर वेळेत आलेला नाही. आमच्या आळसाने जनतेचं एवढं भलं प्रथमच होत असेल. कांदेवाली अजून हसत नाही, पण काल वजन बरोबर केलं.

मी मात्र कानाला खडा लावलाय. पुन्हा त्या स्टुडिओची पायरी चढणार नाही.

तुमची भाची

ता. क. : चॅनेलवाल्यांचा फोन आला होता. या रविवारी विषय आहे, ‘तज्ज्ञांनी टीव्हीवर बोलावं का?’ मी ठाम नकार दिला. ते म्हणाले, वा, हेच इथे येऊन बोला. शास्त्राच्या हितासाठी जावं लागतंय.

ता. क. २ : चॅनेलचे मालक तुमचे व्याही ना? त्यांच्या कानावर घाला, की मला या वेळी पडद्यावरची मधली चौकट द्यावी. कडेच्या चौकटीत माझा अर्धा चेहरा पट्टीखाली गेला. नावाआधी ‘ज्येष्ठ’ लावलं तर उत्तम. आणि ज्योतिष्यांना काढू नका म्हणावं, ते असले की लोक बघतात.