काकांच्या पिशवीतला करारनामा

१२ फेब्रु.
काका जाऊन आज तेवीस दिवस. दारव्ह्याच्या कोर्टात त्यांच्या खुर्चीवर मी बसले. कुणी उठवलं नाही, एवढंच. 'पहिले बंजारा वकील' म्हणून तांड्याच्या तोंडाशी त्यांच्या नावाची कमान उभारायची बैठक झाली म्हणे. नाव कोणत्या रंगात लिहायचं यावर तासभर भांडण. स्मशानाच्या केसची तारीख २६ ला आहे, हे एकालाही आठवलं नाही. आधी राग आला, मग रडू.

१४ फेब्रु.
फाईल काढली. जुन्या पाटलानं तांड्याला स्मशानासाठी दोन एकर दिले, त्या करारनाम्याची फाईलमध्ये नुसती झेरॉक्स. आजूबाजूची जमीन घेतलेला लोहारा गावचा शेठ म्हणतो, स्मशानही माझंच. २६ ला असल कागद दाखवायचाय. कपाट, टेबल, पेटी, सगळं पालथं घातलं. नाही.
असल कागद काका कुणाच्या हाती देत नसत. चामड्याच्या पिशवीत, कायम खांद्याला.
पिशवी.
देवा रे.

१५ फेब्रु.
आमच्या तांड्यात माणसानं जिवापाड जपलेली वस्तू चितेवर सोबत देतात. बायकांनी कोट आणला. पिशवी मी आणली. मीच. तांड्याचे नायक म्हणाले होते, "वकिलाचं सामान वकिलासंगं जाऊ दे, बाई." उघडून पाहायचं सुचलं नाही. सहा वर्षं वकिली करते मी! ज्या स्मशानाचा कागद, त्याच स्मशानात जाळून आले.

१८ फेब्रु.
नायकांना सांगितलं. फक्त त्यांनाच. मिशी चावत म्हणाले: "कायले रडून राह्यली? उंदरानं कुरतडला म्हन. कोन पाह्यले येते?"
असल कागद आपली चूक नसताना गेला, तर झेरॉक्सवर भागतं. स्वतःच जाळला तर...
उंदीर म्हटला की जागा वाचेल. शपथपत्रावर सही मात्र माझी.

२१ फेब्रु.
पूर्वी कुठं बैल चोरीला गेला की पोलीस आधी तांड्यातली माणसं धरून न्यायचे. काकांनी अर्धं आयुष्य त्यांना सोडवण्यात घातलं. पण खोटा साक्षीदार कधी उभा केला नाही. "आपल्या तोंडातून एक खोटं निघालं का, त्याईचे शंभर खोटे खरे होऊन जाते, पोरी."
त्यांना बोलायला काय जातं. त्यांनी पिशवी जाळली नव्हती.
असं लिहायला नको होतं. राहू दे.

२४ फेब्रु.
याडीला, माझ्या आईला, विचारलं, खोटी सही करू का. आई म्हणून नाही, वयानं मोठी म्हणून. भाकरी थापता थापता म्हणाली, "तुया काका तं गेला. मले मेल्यावर कुठी नेशीन, ते सांग."

२६ फेब्रु.
शपथपत्रात खरं लिहिलं. कोर्टात वाचून दाखवलं. मागं तांड्यातली चौदा माणसं उभी. पिशवीत कागद होता, हे त्यांना आजच कळलं. शेठचा वकील हसत म्हणाला, "पुरावा स्वतः जाळायचा आणि झेरॉक्स चालवून घ्या म्हणायचं!" न्यायाधीशांनी मान वर केली नाही. झेरॉक्स घ्यायची की नाही, आदेश ११ मार्चला.
परतताना जीपमध्ये माझ्या बाजूची जागा सोडून सगळे दाटीवाटीनं बसले. उतरताना नायक म्हणाले, "वकीलसाहेब असते तं काय केलं असतं?"
म्हटलं, हेच. खात्री नाही. बिलकूल नाही.

२ मार्च
कोर्टात आलेल्या चौदांपैकी गोमाजी आजा पहाटे गेले. शेठच्या माणसांनी स्मशानाच्या वाटेवर ट्रॅक्टर आडवा लावलाय. तिरडी तिथंच थांबली आहे. नायकांचा फोन आला. चार दिवसांत पहिल्यांदा बोलले.
"वकीलबाई, या."
आजवर मी पोरगी होते, नाहीतर नुसती बाई. निघते आहे. दाखवायला हातात कागद कोणताच नाही.