पायाशी बसणाऱ्याला काही नाही

पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने.

मी, कुमारी एलिना जॉन तुस्कानो, वय वर्षे ७१, धर्म ख्रिस्ती, टेलिफोन खात्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त, राहणार होळी, वसई, जिल्हा पालघर, हे माझे शेवटचे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी समोर येऊन बोलावे. शेजारच्या इमारतीतले वकील कौस्तुभ यांनी मला जो नमुना दिला त्यात ‘राजीखुशीने व निर्भयपणे’ असे शब्द होते. ते दोन्ही मी गाळले आहेत. मृत्युपत्रात खोटे लिहू नये असे त्यांनीच मला बजावले होते. राजीखुशी मला नाही, आणि निर्भय तर मी मुळीच नाही.

येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. ज्या डॉक्टरांच्या हातात माझे हृदय जाणार, त्यांना अजून नीट मिशी फुटलेली नाही. ते मला म्हणतात, आंटी, टेन्शन घेऊ नका. टेन्शन मी घेतलेले नाही, ते आपण होऊन आले आहे. चहा पिताना कप बशीवर वाजतो म्हणून मी बशी वापरणे सोडले. कपाट उघडले की ठेवणीतला आकाशी फ्रॉक दिसतो, तो मला कशासाठी लागणार आहे ते आठवते, आणि मी कपाट लावून टाकते.

कलम १. माझा देह. मला आमच्या गावच्या दफनभूमीत आईवडिलांच्या शेजारी ठेवावे. फ्रॉक वर सांगितलेलाच घालावा. ओठांना काही लावू नये. माझ्या भाच्याची बायको डायना हिने तिच्या आईच्या ओठांना लावले होते, आणि ती बिचारी पेटीत लग्नाला निघाल्यासारखी दिसत होती. मिस्साच्या वेळी फादरांनी मी शांत स्वभावाची व मनमिळाऊ होते असे सांगू नये. लोक हसतील आणि फादरांच्या शब्दाला पुढे किंमत राहणार नाही.

कलम २. हे कलम मालमत्तेचे नाही, पण त्याच्याशिवाय पुढची कलमे समजणार नाहीत. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आमच्याकडून दयेची कामे पाठ करून घेत. भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची भेट. अन्नवस्त्र वाटण्याइतका माझा पगार कधीच नव्हता, म्हणून मी आजारी निवडले. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये असल्यामुळे कोणाच्या घरी काय चालले आहे हे मला फादरांच्याही आधी कळत असे. ज्या घरात माणूस जायला टेकला असेल तिथे मी प्रार्थनेचे पुस्तक आणि आशीर्वादित मेणबत्ती घेऊन जाई, आणि तपासणीला आलेल्या साहेबासारखी बसे. कोण जपमाळ घाईघाईने म्हणतो, कोणाची चादर मळकी आहे, ते पाहून बोलूनही दाखवी.

अशीच मी पाचूबंदरला मेरी कोळीच्या घरी गेले. तिची सासू जाणार होती. मी पुस्तक उघडून सुरुवात केली तशी म्हातारीने डोळे उघडले आणि म्हणाली, “बाय, तो पुस्तक ठेव. माजं पाय धर, गार पडलेत.”

त्याआधी मी कोणाच्या पायांना हात लावला नव्हता. तिचे धरले, आणि ती जाईपर्यंत धरून बसले. त्या सगळ्या वेळात मी एक शब्दही बोलले नाही, हे मला ओळखणाऱ्यांना खरे वाटणार नाही. तेव्हापासून पुस्तक घरी राहते. मी बरोबर रबरी गरम पाण्याची पिशवी आणि लोकरीचे मोजे नेते. ख्रिस्ती घर असो, हिंदू असो, बोलावणे आले की जाते. माणूस जाताना त्याचे पाय आधी गार पडतात, आणि घरचे सगळे तोंडाकडे बघत असतात. धर्मशिक्षणाच्या वर्गात माझा नेहमी पहिला नंबर असे, पण देवाविषयी मला जे थोडेफार समजले ते खाटेच्या त्या टोकाला बसून समजले.

कलम ३. पण त्या टोकाला बसले की सगळी खोलीही दिसते. उशीखाली किल्ल्या चाचपणारा हात मी पाहिला आहे. अंगठा उठवून घ्यायला शाईचे पॅड घेऊन आलेला जावई पाहिला आहे. मी त्याला त्या पॅडसकट अंगणात हाकलले. आईचे डोके मांडीवर घेऊन रडणारी आणि रडता रडता कपाटाकडे बघणारी मुलगीही पाहिली आहे. मला मरणाची भीती वाटतेच. पण त्याहून मोठी भीती ही आहे की, शेवटी जो कोणी माझे पाय धरून बसेल तो कपाटाकडे बघत असेल, आणि मला मान उचलून ते पाहता येणार नाही. हे मृत्युपत्र मी त्या भीतीपोटी लिहीत आहे. बाकी सगळे निमित्त.

कलम ४. माझे राहते घर मला वडिलांनी दिले. त्याचा पुढचा भाग आणि वाडी मी भाऊ गेल्यानंतर उरलेला माझा एकुलता एक भाचा क्लिफर्ड तुस्कानो, राहणार चंदनसार, विरार पूर्व, याला देते. तो दर रविवारी पॅटिस घेऊन येतो आणि माझ्यापेक्षा छताशी जास्त बोलतो. मागे मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर हा ओटीवर टेप लावून उभा. म्हणाला, “आंटी, सहज बघत होतो.” मी विचारले, “सहज बघायला टेप लागते?” पॅटिस मात्र चांगले असतात. घर बिल्डरला देऊ नये असे मी लिहिणार होते, पण कौस्तुभ म्हणतात अशी अट टिकत नाही. मग नाही घालत. मेल्यावर मला भांडता येणार नाही. बँकेतली शिल्लक, इस्पितळाचे देणे भागवून जी उरेल ती, त्याचीच. माझी सोन्याची साखळी डायनाला. ती मला आवडत नाही, पण साखळी तिला शोभते.

कलम ५. घराच्या मागच्या दोन खोल्या, स्वतंत्र दार व नळासह, मी मेरी कोळी, राहणार पाचूबंदर, हिला देते. तिच्या सासूनंतर ही बाई सुकी-ओली मासळी घेऊन माझ्या दारावर येऊ लागली आणि पैसे घेईना. मी पैसे पायरीवर ठेवायची, ती ते तुळशीच्या कुंडीत खोचून जायची. (तुळस औषधी म्हणून लावली आहे. क्लिफर्डने फादरांना चहाड्या करू नयेत.) पैशांवरून आम्ही इतकी वर्षे भांडलो, आणि आमच्या दोघींच्या तोंडाचा पट्टा कोणाचा लांब हे गावाला अजून ठरवता आलेले नाही. उधाणाला तिच्या घरात पाणी शिरते, म्हणून या खोल्या.

झडपेचे कळल्यावर मी तिला खोल्यांचे सांगितले, झडपेचे नाही. म्हणाले, “मागच्या खोल्या तुझ्या नावावर करते, मेरी. फक्त शेवटी माझ्यापाशी येशील ना?”

टोपली उचलता उचलता ती थांबली. “मोल लावलंस, एलिनाबाय?”

“मोल कसलं? तुझ्या घरात पाणी शिरतं म्हणून.”

“पानी दर्याचं शिरतं. तुजं नाय.”

ती गेली ती गेलीच. माझी मांजर तेव्हापासून पायरीवर बसून वाट बघते, आणि मी खिडकीत. खोल्या मी तरीही तिलाच देत आहे. दिलेला शब्द मी रुसव्यासाठी बदलत नाही.

कलम ६. माझ्या शेवटच्या आजारात जी कोणी व्यक्ती माझ्या पायाशी बसेल, तिला या मृत्युपत्रान्वये काहीही मिळणार नाही.

हे कलम वाचून कौस्तुभ यांनी चष्मा काढला. म्हणाले, कोण बसले होते हे कोर्टात कोण सिद्ध करणार, आणि असे वाचल्यावर तुमच्याजवळ यायला धजेल कोण? मी म्हणाले, धजेल तोच मला हवा आहे. त्यावर ते म्हणाले, “मग मॅडम, तुम्ही एकट्याच राहाल.” मी त्यांना चहा न देता परत पाठवले. ते गेल्यावर मी ते लोकरीचे मोजे बाहेर काढले. माझ्याच पायात घालून बघितले. दोन्ही हातांनी माझे पाय मला धरता येतात, पण त्याने काही होत नाही.

कलम ७. या मृत्युपत्राची व्यवस्था डायना क्लिफर्ड तुस्कानो हिने पाहावी. नवऱ्यासमोर नाही म्हणू शकणारी त्या घरात ती एकटी आहे.

कलम ८. हे कलम मी बुधवारी, दोन्ही साक्षीदार समोर बसलेले असताना लिहीत आहे. उद्या सकाळी गाडी येणार.

एक साक्षीदार कौस्तुभ. दुसरा चर्चची घंटा वाजवणारा पीटर यायचा होता, पण तो दुसऱ्याच कोणाच्या दफनात अडकला. क्लिफर्ड आणि डायना चालत नाहीत, कारण त्यांना यातून मिळायचे आहे. इमारतीतली माणसे कामावर. कौस्तुभ फोनवर फोन लावत होते आणि मी घड्याळ बघत होते. इतक्यात दारात मेरी. टोपली खाली न ठेवताच तिने सुरुवात केली.

“तुजं कालीज फाडनार, ते मला पाववाल्यानं सांगायचं?”

मी म्हणाले, यायची तूच बंद झालीस.

“मोल लावलंस म्हनून नाय आले. आता मरायला निघालीस म्हनून आले.”

कौस्तुभ यांचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. भला माणूस आहे. त्यांनी तिला सगळे नीट समजावले. मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्यातले काही मिळत नाही. तुम्ही सही केलीत तर तुमच्या नावचे कलम तिथेच संपते. घरच्यांना विचारा, घाई करू नका. मेरीने पदराने हात पुसले.

“सही केली तं खोल्या गेल्या?”

“गेल्या.”

“आनि नाय केली तं ही कागदाबिगर जानार?”

“हो. दुसरं कोणी मिळेपर्यंत.”

“मंग आना तो पेन.”

मी ओरडले. हृदयाला ओरडणे मना आहे, तरी ओरडले. म्हणाले, मूर्ख बाई, घरात पाणी शिरतं तुझ्या.

“दर पावसाला येतं, जातं. तुज्या खोल्या घेतल्या तं मी पाय धरल्यावर तू इचार करीत बसशील, ही कायाला आली. आता नाय ना करनार?”

मी कागद पुन्हा पुढे ओढला. कौस्तुभ खिडकीबाहेर बघू लागले.

ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी फादर वेदीपुढे बारा जणांचे पाय धुतात, येशूने शिष्यांचे धुतले तसे. शिष्यांपैकी पेत्राने आपले पाय मागे घेतले होते, आणि मला तो लहानपणापासून पटत आला. आपण दुसऱ्याचे करावे, दुसऱ्याने आपले करू नये, यालाच मी सेवा समजत होते. उद्या गुरुवारच आहे. पाय मागे घ्यायला मला जागा राहिलेली नाही.

म्हणून पुढीलप्रमाणे. कलम ५ मी माझ्या हाताने रद्द करते. त्या दोन खोल्या आमच्या धर्मग्रामातल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, आजाऱ्यांची भेट घेणाऱ्या मंडळाला द्याव्यात. ज्याला शेवटी बसायला कोणी नाही त्याला तिथे ठेवावे आणि आळीपाळीने कोणीतरी पायाशी बसावे. मेरीने आताच विचारले की कोळी चालेल का. कोळी, वाडवळ, भंडारी, बिहारी, कोणीही चालेल. जात आणि दाखला विचारू नये. मंडळाच्या बायकांनी तिथे मळक्या चादरीवरून बोलू नये. ते माझे बोलून झाले आहे.

कलम ६ खोडले आहे. ते वाचून दाखवल्यावर मेरी म्हणाली, “म्हंजे तुजं पाय धरनारा आदी वकिलाला इचारनार?” आणि हसत सुटली. कौस्तुभही हसले, ते त्यांना शोभले नाही. शीर्षस्थानी त्याच कलमाचे शब्द आहेत. ते राहू द्यावेत, मी किती घाबरले होते ते क्लिफर्डला कळावे.

पिशवी आणि मोजे तरी मेरीला लिहून द्यावेत असा माझा विचार होता. मी विचारले, मोजेसुद्धा नाही? कौस्तुभ म्हणाले, मृत्युपत्रातून मोजेसुद्धा नाही. तेव्हा मी उठले, दोन्ही आणून तिच्या हातात दिले. ही जिवंतपणी दिलेली वस्तू आहे, तिच्यावर कोणी हक्क सांगू नये. तिने मोज्यांचा वास घेऊन विचारले, “धुतलेत ना?”

ती मला घाई करते आहे. किती लिवते, म्हणते, बोंबील खराब होतात. तरी एक गोष्ट राहिली. सुरुवातीला गाळलेल्या दोन शब्दांपैकी ‘राजीखुशीने’ हा शब्द मी इथे परत घालत आहे. ‘निर्भयपणे’ घालत नाही. भीती आहे तशीच आहे, हे अक्षर बघून कोणीही सांगेल.

हे मृत्युपत्र मी वाचले, समजले, आणि दोघांच्या देखत सही केली.

सही: एलिना जॉन तुस्कानो
ठिकाण: होळी, वसई
दिनांक: १९ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार १: मृत्युपत्रकर्तीने माझ्यासमोर शुद्धीत व स्वेच्छेने सही केली. साक्षीदार क्रमांक २ यांना या सहीमुळे त्यांचे काय जाईल ते मी दोनदा समजावले. दोन्ही वेळा त्यांनी मला गप्प बसवले.
सही: कौस्तुभ, वकील

साक्षीदार २: (तोंडी सांगितले, कौस्तुभ यांनी जसेच्या तसे लिहिले.) एलिनाबायनं माज्या म्होरं सही केली. हात कापत व्हता, डोका शाबूत व्हता. मोजे माज्याकडं हायेत. उद्या मी तिच्यासंगं जाते.
सही: मेरी कोळी, पाचूबंदर