भोवऱ्याचं पान

राक्षस संवत्सर, माघ शु॥ ७

ह्यांच्या गुरांच्या वहीत मागची पानं कोरी पडलीत. हे गेले, कागद राहिला. वाया का घालवायचा, म्हणून मी लिहिते. अक्षर ह्यांनीच शिकवलं, चुका माझ्या.

बन्नूरहून निरोप आला. तुळसा पसंत आहे. माझी नात पसंत पडण्याजोगी आहेच, तोंड उघडलं नाही तर. पण होणाऱ्या विहीणबाईंची अट आहे. म्हणे, तुमच्या दारातल्या वळूच्या पाठीवर उलटा भोवरा आहे, त्याने घरधनी खाल्ला. तो आहे तोवर आमचं माणूस तुमचा उंबरा ओलांडणार नाही.

घरधनी म्हणजे हे. हे गेले छातीत कळ येऊन, म्हातारपणी, बन्नूरच्याच मेंढराचं मटण दोनदा वाढून घेऊन. वळू तेव्हा गोठ्यात रवंथ करत होता.

माघ शु॥ ९

मुलगा म्हणतो विकून टाकू. तुकोजीला सगळं सोपं वाटतं. दोनदा जत्रेत नेला, दोनदा परत आणला. गिऱ्हाईक दात बघतं, खूर बघतं, मान डोलावतं. मग पाठीवर हात फिरवतं, केस उलटे लागले की धोतर झटकून चालू पडतं.

ह्यांनी नाव ठेवलं होतं सरदार. गावाने ठेवलं भोवऱ्या. गावाचं टिकलं.

आमचा नांगर धरणारा निंगय्या म्हणाला, "अव्वा, बडवून टाका. बैल झाला की सुळीचा जोर जातो. माझा आजा सांगायचा." सुळी म्हणजे भोवराच, त्याच्या कन्नडात. आजा ह्याचा कधीच वर गेला, आता विचारणार कुणाला.

ह्यांचं पान उघडून बघितलं. शिलेदारीतून सुटल्यापासून हे वळू पाळायचे. दर वळूला एक पान. आई कोण, बाप कोण, गायी कोणत्या, वासरं कशी निघाली. भोवऱ्याच्या पानावर वरच लिहिलंय, "ह्याची किंमत ह्याच्यात बघू नये. वासरं जुवाखाली येतील तेव्हा बघावी." खाली वासरांसाठी जागा सोडलीय. भरपूर. आशाळभूत माणूस.

वासरं येणार कुठून? ह्यांच्या अकराव्याला नावाने पोळ सोडायचा होता. भटजी म्हणाले भोवऱ्या चालणार नाही. मग घरचा पांढरा सोडला, मांडीवर त्रिशूळ डागून. अंगावर सगळी लक्षणं पोथीतली. आता तो देवाचा, कुणाच्याही उसात शिरतो, कोणी काठी उगारत नाही. गाव गायी त्याच्याकडेच नेतं. भोवऱ्याकडे चारचौघांत कोणी येत नाही. पण तळ्यावर पाण्याला सोडला की... गायी काही पोथी वाचत नाहीत.

कुंभाराची म्हातारी कानात सांगून गेली, तिच्या दोन्ही गायींचं तसंच झालं. तिची दोन्ही वासरं मी ह्या पानावर चढवली. ती बाहेर बोलणार नाही, मी पण नाही.

माघ शु॥ १२

आमची गाय गौरी माजावर आली. बैल केला तर चालेल, असं विहीणबाईंनी कळवलंय, उद्या बडवणारा यायचाय. पांढऱ्याला शोधत कोण हिंडणार? भोवऱ्या दारात होता. त्यालाच लावली. निंगय्याला सांगितलं, कोणी विचारलं तर देवाच्या पोळाचं म्हण.

"सांगतो अव्वा. पण पोळाला एकदा सांगून ठेवा."

मेला हसतो वर.

माघ शु॥ १३

बडवला. चौघांनी पाडला, पाय बांधले. एकदाच ओरडला. मी परसात उभी होते, पुढे गेले नाही. दुपारी हळद-तेल घेऊन गेले तर मान वळवली. जनावर आहे, रुसत नाही. दुखत असेल.

एका पोरीचा संसार उभा राहतोय. बरोबरच केलं. दोनदा लिहायची गरज नाही.

नल सं॥, वैशाख व॥ ५

तुळसाचं लग्न झालं. आंदण म्हणून गाय हवी म्हणाल्या विहीणबाई. गोठ्यात स्वतः फिरून, आचळं चाचपून निवडली. निवडली ती गौरीच.

"गाभण दिसते. कुणाचं?"

"देवाच्या पोळाचं."

त्यांनी तिथल्या तिथे हात जोडले. मी पण जोडले. काय करणार.

कार्तिक शु॥ २

गौरीला खोंड झाला, बन्नूरहून सांगावा आला. भोवऱ्याच्या पानावर लिहिलं, "गौरी, खोंड १." तोंडाने खोटं बोलले, वहीत नाही. वही ह्यांची आहे.

काळयुक्त सं॥, आश्विन व॥ ८

तापाची साथ. गावात रोज कुणाच्या तरी दारी रडणं. भटजींच्या घरची दोघं गेली. त्यांच्या गोठ्यात उंदीरसुद्धा नाही, भोवरा कुठला. आमच्याकडे तुकोजी, सूनबाई, मी, सगळे पडलो आणि सगळे उठलो. भोवऱ्या त्याच आवारात मोट ओढतो.

मी काही अर्थ काढत नाही. आठवलं ते लिहिलं.

रौद्री सं॥, कार्तिक व॥ ४

दारात सरकारी साहेब. फेटा, कोट, बूट चिखलाने भरलेले. जनावरांच्या खात्यातले. कडकोळच्या रस्त्याला कुंभाराची बैलजोडी बघितली म्हणाले. मडक्यांची गाडी भरून शहरात, देवराज मोहल्ल्यात जातात आणि त्याच दिवशी दुडक्या चालीने परत येतात, तोंडाला फेस नाही. असा बैल ह्या भागात कधी बघितला नाही म्हणाले. कुंभाराला बाप विचारला, तो म्हणाला देवाचा पोळ. साहेबांनी जाऊन पोळ बघितला.

"आज्जी, तो देवाचा असेल, पण ह्या बैलांचा बाप नाही. तुमच्याकडे वही आहे असं ऐकलं."

पान काढून दिलं. उभ्यानेच वाचलं. ह्यांची वरची ओळ दोनदा वाचली.

"हा कुठाय?"

मी मोटेकडे बोट केलं. चटचट चालत गेले, मागून बघितलं आणि तिथेच थांबले.

"कुणी बडवला?"

"मी."

"ह्या रक्तासाठी किती गावं पालथी घातली."

"पाच वर्षं आधी घालायची होती."

रागावले नाहीत, बरा माणूस. जाताना म्हणाले, ह्याचा एखादा न बडवलेला मुलगा असेल तर सरकारी गायींसाठी मागू. ते गेल्यावर मी पायरीवरच बसले. गौरीचा खोंड चार वर्षांचा झाला. बन्नूरला ह्याच वयाला बडवतात, संक्रांतीच्या आत.

मी पाच मुलं वाढवली, चुलीपाशी कधी हात भाजला नाही. आणि ही चूक केली, सगळ्यांच्या देखत, हळद-तेल लावून.

मार्गशीर्ष शु॥ ९

बन्नूरला जाऊन आले. गाडीत हाडं खिळखिळी झाली.

जावईबापू खाटेवर. महिन्यापूर्वी भातगाडीवरून पडले, पाय मोडला. विहीणबाई म्हणतात कुणाची दृष्ट लागली. मी जीभ चावली. ह्या घरात आता भोवऱ्याचं नाव काढलं तर तो पाय कुणी मोडला हे ठरवायला भटजी लागणार नाही.

खोंड बघितला. बापाची मान, बापाचं वशिंड, पाय जमिनीला टेकतात न टेकतात असे. पाठीवर झूल. चार बोटं सरकवली. तिथेच. तसाच भोवरा.

तुळसा मागे उभी. म्हणाली, "गौरी चाटायची तेव्हाच दिसला मला. सासूबाईंना सांगितलं, देवाच्या पोळाचा आहे, पाठ उघडी ठेवायची नाही असा नवस बोललेय. तेव्हापासून झुली मीच शिवते, मीच बदलते."

"एवढं खोटं शिकलीस कुणाकडून?"

पोरीने नुसतं माझ्याकडे बघितलं.

बडवणाऱ्याला पौर्णिमेचं सांगितलंय. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता सांगते विहीणबाईंना, खोटं माझं, मीच निस्तरते. तुळसाने हात धरला.

"तू सांगशील आणि गाडीत बसशील. मला इथे राहायचंय, आज्जी."

शब्द तोंडात होता, गिळला. साठ वर्षांत पहिल्यांदा. तिला एवढंच म्हटलं, खोंड गेला तर चालेल, तुझं घर जाऊ देऊ नको. म्हटलं खरं. गाडीत बसल्यावर पटेना. तिच्या घरासाठी एकदा बडवलाच की.

मार्गशीर्ष शु॥ १४

दुपारी बन्नूरचा गाडीवान आला, तुळसाचा निरोप घेऊन. पाठ केल्यासारखा उभा राहून बोलला.

काल तिने अंगणात सगळ्यांसमोर झूल काढली. गाय आज्जीने कुणाला लावली तेही सांगितलं. म्हणाली, हा चार वर्षं दारात आहे. ह्या चार वर्षांत मला मुलगा झाला, साथीच्या तापातून सगळं घर उठलं, ऊस दोनदा पडला आणि दोनदा उभा राहिला. पाय ह्याच्या नावावर मांडणार असाल तर बाकीचंही मांडा.

"मग? विहीणबाई काय म्हणाल्या?"

"काही नाही अव्वा. खोंडाला बघितलं. पाठीवर हात ठेवला, उचलला. आत गेल्या."

"बडवणाऱ्याला नको म्हटलं?"

"नको म्हटलं नाही. ये पण म्हटलं नाही. त्याला ठाऊक आहे, उद्या पौर्णिमा."

साहेबांकडे माणूस पाठवलाय, उजाडायला निघा, बन्नूर. पोचतील की नाही, पोचून विहीणबाई दार उघडतील की नाही, कोण जाणे. मी गेले नाही. तुळसाने बोलावलं नाही.

मोटेवर गेले. भोवऱ्या उभा होता, निंगय्या तंबाखू मळत होता. इतकी वर्षं ह्याला वैरण घातली, पाठीला हात कधी लावला नव्हता. लावला. केस उलटे आहेत, बस. आत काही नाही. नुसते केस.

निंगय्या म्हणाला, "काय शोधता अव्वा?"

"तुझा आजा."

घरी येऊन ह्यांचं पान उघडलं. "गौरी, खोंड १." पुढे जागा आहे. तिथे बैल लिहायचं की वळू, ते उद्या बन्नूरच्या अंगणात ठरेल. दौत झाकली नाही.