दुसऱ्या गटातली आई

१२ ऑगस्ट, सोमवार
चैतालीचं पाकीट उघडलं — दुसरा गट! नुसता चडफडाट झाला. पण माझ्या पीएच.डी.चा नियमच तसा. कॅन्सर झालेल्या मुलांच्या निम्म्या आयांना दर गुरुवारी माझी बैठक; बाकीच्यांना वॉर्डातली नेहमीची शुश्रूषा, जास्तीचं काही नाही. कोण कुठे, ते बंद पाकीट ठरवणार. नाहीतर बैठकीचा उपयोग होतो हे सिद्ध कसं व्हायचं? समजतं मला. तरी चैताली कात्रजहून दोन बस बदलून येते, पाच वर्षांच्या लेकीला, मैत्रीला, कडेवर घेऊन. वॉर्डात कुणाशी चकार शब्द बोलत नाही. बैठकीची खरी गरज तिलाच.

संमतीवर सही करताना तिनं काय ऐकलं असेल कोण जाणे. पोरीला रक्ताचा कॅन्सर आहे हे त्याच सकाळी कळलं होतं.

२२ ऑगस्ट, गुरुवार
आजची बैठक रंगली. केस गळणं, ताप, सासूचे टोमणे — सगळं निघालं. सोनाली तर चक्क हसली! पोरगा आजारी पडल्यापासून पहिल्यांदा, असं तीच म्हणाली.

दार उघडलं तर समोरच्या बाकावर चैताली. मैत्री मांडीवर झोपलेली. "आम्हाला कधी बोलावणार, सिस्टर?" मी म्हटलं, बघू. आणखी काय म्हणणार? गटांचं समजावत बसले असते तर तीच एक बैठक झाली असती.

२३ ऑगस्ट
उल्का मॅडमना, माझ्या गाइडना, विचारलं — एकीला आत घेऊ का? चष्म्यावरून पाहिलं. "घ्या की. मग प्रबंधाऐवजी समाजसेवेचा अहवाल लिहा." मार्चमध्ये अभ्यास संपला की उरलेल्या आयांनाही बोलवायचं ठरलेलंच आहे, असंही म्हणाल्या. विषय संपला.

५ सप्टेंबर, गुरुवार
चैताली बाकावर. मी मान खाली घालून आत गेले.

२० सप्टेंबर
मैत्रीच्या बोन मॅरोचा रिपोर्ट आला. स्वच्छ! वाईट पेशी दिसतच नाहीत. आता औषधं नेटानं चालू राहिली तर पोर बरी होण्याची शक्यता दांडगी आहे.

डॉक्टर राउंडला चैतालीला म्हणाले, चांगलं आहे हं, सोमवारी ॲडमिट व्हा — आणि लगेच पुढच्या खाटेकडे. ती नुसती बघत राहिली. तिच्याजवळ बसून नीट सांगावं असं फार वाटलं. नाही बसले. नियम म्हणजे नियम!

२३ सप्टेंबर, सोमवार
मैत्री आली नाही. फोन बंद.

४ ऑक्टोबर
आमचे समाजसेवक रणजित कात्रजला जाऊन आले. खोलीला कुलूप. शेजारीण म्हणाली, पोरीला घेऊन गावी गेले, कुठलं गाव ते ठाऊक नाही. कुणीतरी जडीबुटीवाला भेटला असणार, हा रणजितचा अंदाज. मलाही तेच वाटलं आणि संताप आला. रिपोर्ट इतका चांगला आणि हे लोक असे! उल्का मॅडम म्हणाल्या, दुसऱ्या गटात गळती झाली तर तुमचा निष्कर्ष उलट भक्कमच होतो. मला जेवण गेलं नाही.

११ डिसेंबर
बैठकीतल्या एकाही आईनं मुलाचे उपचार सोडलेले नाहीत. मॅडम खूश. मला खूश व्हायला जमत नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार
चैताली आली. एकटी. मैत्री जानेवारीत गेली. घरात उरलेल्या गोळ्या परत द्यायला आली होती — दुसऱ्या कुणाच्या पोराला होतील म्हणून.

मी तिला बैठकीच्या खोलीत नेलं. उपचार का थांबवलेत, विचारलं. शांतपणे म्हणाली, "ज्यांची पोरं वाचणार, त्यांच्या आयांना तुम्ही आत घ्यायचात. आम्हाला नाही बोलावलं, तेव्हाच मी समजले. म्हटलं, मग पोरीला उगाच कशाला टोचून घ्यायचं? आजीजवळ राहू दे."

मग म्हणाली, "डॉक्टर चांगलं आहे म्हणाले, ते आमचं मन राखायलाच ना, सिस्टर?"

मी हो म्हणाले.