येस मॅडम

मंगळवार, संध्याकाळ

आमच्या इंग्रजीच्या शिक्षकगटात प्रत्येकाने आपल्याच वर्गाचा अभ्यास करून शनिवारी निगडीला मांडायचाय. माझा प्रश्न, सातवीची मुलं तासाला इंग्रजी बोलत का नाहीत? म्हणून काल चाकणच्या शाळेतला माझा तास मोबाईलवर रेकॉर्ड केला आणि घरी येऊन ऐकला.

मुलं बोलणार कधी? सगळा वेळ मीच बोलतेय. त्यात दर दोन वाक्यांनी माझं "समजलं ना?" आणि वर्गाचं सुरात "येस मॅडम". हे शेजारीच चहा पीत होते. म्हणाले, "मलाही असंच विचारतेस. मीपण येसच म्हणतो." राग आला. पण खरं असेल तर?

आज मुद्दाम वर्गात शिरल्या शिरल्या, पुस्तकही न उघडता विचारलं, "समजलं ना?"

"येस मॅडम."

मी गप्प उभी राहिले. मला गप्प राहणं किती जड जातं, ते आजच कळलं. शेवटी आरती उठली. ही मुलगी हजेरीलासुद्धा नुसता हात वर करते.

"मॅडम, यू नॉट टीच येट."

वर्ग हसला, मीही हसले. चूक सुधारायचं अगदी ओठांवर आलं होतं, पण गिळलं. इतकं खरं इंग्रजी माझ्या वर्गात आजवर कोण बोललं होतं?

मग मुलांना सगळं सांगून टाकलं. यापुढे मी कमी बोलणार, तुम्ही जास्त. आणि सवयीने तोंडातून गेलंच, "समजलं ना?"

अख्खा वर्ग सुरात, "नो मॅडम."