शिवण उजेडात बघायची रीत

मामा, तुम्हाला आणि मामीला इथूनच वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मी खुशाल आहे (म्हणजे हातपाय जागेवर आहेत). चौकीतल्या बाकावर बसून लिहितोय. बाकाचा एक पाय हलतो, म्हणून अक्षर असं.

मी शिंप्याकडे कामाला आहे, हे कळवलं होतं ना? (की तेव्हा मी बेकरीत होतो?) आमच्या रस्त्यावर तीन महिने सैनिक आहेत. डोक्यावर हेल्मेट, काळा चष्मा, नाकावर फडकं, छातीवर पोलादी पत्र्यांचं जाकीट. आत माणूस कुठून सुरू होतो तेच कळत नाही, मग बोलणार कोणाशी? ते दिसले की शिंपीणकाकू दाराला कडी लावतात. काल त्यातलाच एक दुकानात शिरला. जाकिटाचा पट्टा उसवला होता. सगळं उतरवल्यावर आतून निघाला माझ्याच वयाचा, मोठ्या कानांचा पोरगा, मानेवर ही घामोळी! काकूंचा हात कडीवरच राहिला. म्हणाल्या, "अरे, हे काय करून घेतलंस? बस, पावडर लावते." तीन महिन्यांतलं हे पहिलं वाक्य.

आता आमच्या दुकानाची रीत अशी, की शिवण झाली की कपडा मला घालायचा आणि उंबऱ्याबाहेर उजेडात बघायचा (दुकानातला पुतळा मोडलाय, कोणी मोडला ते पुढे). जाकीट घातलं. हेल्मेट, चष्मा, फडकं घाल असं कोणी म्हटलं नव्हतं, ती अक्कल माझी. समोर फळवाला, रोज मला "काय भटकेश्वर, आज कुठे?" म्हणणारा. त्याची गंमत करावी म्हणून चार पावलं पुढे गेलो. तो ताडकन उठला, टोपली मागे ओढली आणि खाली बघत म्हणाला, "हलवतो साहेब, लगेच हलवतो." अरे मी आहे, असं म्हणणार, तेवढ्यात मागून आवाज आला, "हात वर!"

गस्त होती, सकाळीच बदलून आलेली तुकडी. त्यांना दिसला वर सैनिक, खाली पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा आणि चपला. तीन बंदुका माझ्यावर. हात वर केले तर जाकीट सरकून हनुवटीला अडकलं. ते खाली ओढायची सोय नव्हती. एवढ्यात तो पोरगा बनियनवर धावत आला, मानेला पांढरी पावडर, "थांबा, ते माझं आहे!" नव्या तुकडीतलं कोणी त्याला ओळखेना. चौथी बंदूक त्याच्यावर.

मग काकू आल्या, गळ्यात टेप तसाच, आणि मध्ये उभ्या राहिल्या. "एक पोरगा माझ्या दुकानातला, एक तुमच्यातला. कोणता कोण ते सांगते, पण आधी चष्मे काढा. मी भिंतीशी बोलत नाही." कोणीच हललं नाही. मला वाटतं, तेवढ्या वेळात माझी एक मिशी पिकली. मग पुढच्याने चष्मा काढला. डोळे लालभडक. काकू म्हणाल्या, "डोळे आलेत की रे तुझे!" आणि बंदूक खाली आली.

तुमचा भाचा

ता. क. पुतळा मीच मोडला. हे काकूंना सांगू नका.

दुसरा ता. क. बंदुका खाली आल्या, तरी सैनिकाचा वेश केला म्हणून मला चौकीत आणलंच. काकूंचा शब्द चालत नाही, ओळख पटवायला रक्ताचं माणूस लागतं. उद्या दुपारपर्यंत कोणी आलं नाही तर मला मोठ्या छावणीत नेणार. तिथून कधी सोडतात ते चौकीतही कोणाला माहीत नाही. पत्र घेऊन येणारा तोच फळवाला आहे. त्याला पाणी द्या. तो अजून माझ्याशी बोलत नाही.

तिसरा. स्कूटरवरून याल, तर ते काळ्या काचेचं हेल्मेट चौकीच्या बरंच अलीकडे काढा. तुमचा चेहरा रागीट आहे, पण दिसू द्या.